मार्चमधलं पत्र

बी.एड.ला पाठाचं टाचण कसं काढायचं ते शिकवतात. फळ्यावर अक्षर कसं काढायचं तेही शिकवतात. पालकांना वर्षअखेरचं पत्र कसं लिहायचं हे मात्र कुणी शिकवत नाही. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसल्यावर पहिल्याच मार्चमध्ये कपाटातून जुनी सर्क्युलरं निघतात. तारीख बदलायची, ‘गेले वर्ष शाळेसाठी अत्यंत यशस्वी ठरले’ हे वाक्य जसंच्या तसं ठेवायचं, नव्या टॉपरांचे फोटो डकवायचे, की झालं पत्र. मी कुवेतमधल्या एका सीबीएसई शाळेत हे काम करते. शाळेचं नाव सांगत नाही, नाहीतर हा लेखही सर्क्युलरच व्हायचा.

इथल्या भारतीय शाळांचं वर्ष देशातल्या सीबीएसई शाळांसारखंच एप्रिल ते मार्च. फेब्रुवारीच्या मध्याला बोर्डाच्या परीक्षा सुरू होतात. त्यातच 25 आणि 26 तारखेला राष्ट्रीय दिन आणि मुक्तिदिन यांच्या सुट्ट्या. गेली काही वर्षं रमजानही याच सुमारास येतो, त्यामुळे शाळेची वेळ आखडते. या सगळ्या गडबडीतून डोकं वर काढावं तर पत्राची तारीख दारात उभी. शाळेत ते लिहिणं जमत नाही, दर पाच मिनिटांनी कुणीतरी दार ढकलतं. म्हणून मी ते मिरकाबच्या घरी लिहिते. भारतीय कुटुंबं मुख्यतः सालमिया, अब्बासिया, मंगाफ या भागांत राहतात, शाळाही तिकडेच. मिरकाब हा जुन्या शहराच्या तटाच्या आतला मोहल्ला. तट 1957 मध्ये पाडला. आता इथे बसस्टँड, ऑफिसं आणि जुन्या इमारती आहेत. मान वर केली की 372 मीटरचा लिबरेशन टॉवर दिसतो. नवऱ्याचं ऑफिस जवळ म्हणून आम्ही इथे राहिलो. त्याचा एक फायदा असा की माझ्या शाळेचे पालक मला जिन्यात भेटत नाहीत.

दुसऱ्या शाळांचे मात्र भेटतात. आमच्या इमारतीत खेडचे एक भाई आहेत. मंदूब आहेत ते, म्हणजे कंपनीचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांवर फिरणारा माणूस. त्यांची मुलगी सहावीत, दुसऱ्या शाळेत. एकदा त्या शाळेचं पत्र छापून घेऊन ते आमच्याकडे आले. एका ओळीखाली पेनने रेघ मारलेली होती.

“मॅडम, इथे लिहिलंय, नवी सायन्स लॅब सुरू झाली. पोरगी म्हणते, दाराला कुलूप असतं.”

“सामान यायचं असेल भाई.”

“मग ‘सामान यायचंय’ असं लिहायचं ना.”

मंदूबाची नजरच तशी. कागद हातात आला की सही कुठे आहे आणि शिक्का कुठे नाही, ते आधी दिसतं. पण मुद्दा त्यांच्या नजरेचा नाही, पोरीचा आहे. आम्ही मुख्याध्यापक मंडळी पत्र पालकांना लिहितो आणि एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. त्या घरात आमच्या शाळेचा एक साक्षीदार रोज दुपारी दोन-अडीचला दप्तर टाकून जेवायला बसतो. त्याच्यासमोर टिकणार नाही ते वाक्य पत्रात नको, एवढी एकच कसोटी मी पाळते. तिने माझं पत्र निम्म्याने कमी झालं.

उदाहरणच देते. कार्यालयाने तयार केलेल्या मसुद्यात दरवर्षी एक वाक्य असतं: ‘विद्यार्थ्यांसाठी शुद्ध पेयजलाची अद्ययावत सुविधा उपलब्ध करून देण्यात आली आहे.’ ते मी खोडते आणि लिहिते: ‘तळमजल्यावरचे पाण्याचे कूलर बदलले. दुसऱ्या मजल्यावरचा कूलर जुनाच आहे, तो उन्हाळी सुट्टीत बदलू. तोपर्यंत सहावी-सातवीच्या मुलांनी घरून मोठी बाटली आणावी.’ पहिलं वाक्य वाचून पालक मान डोलावतो आणि फोन खिशात ठेवतो. दुसरं वाचून तो मुलाला विचारतो, तुमचा वर्ग कितव्या मजल्यावर रे? त्या प्रश्नापासून पुढे पत्राचा उपयोग सुरू होतो. शिवाय ‘देण्यात आली आहे’ म्हटलं की देणारा गायब होतो. ‘बदलू’ म्हटलं की सप्टेंबरात मला धरता येतं. हे न आवडणारे लोक संस्थेत असतात आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. लेखी कबूल केलेलं काम राहिलं तर ते आपल्यावरच उलटतं, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं.

पाण्याचं निघालंच आहे तर थोडं थांबते, कारण कुवेतमध्ये हा विषय साधा नाही. 2016 च्या जुलैमध्ये इथल्या मित्रिबा केंद्रावर 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केलं. जुलैत शाळा नसते, पण मेमध्ये असते, आणि मेमधली दुपार पंचेचाळिशी सहज गाठते. अशा दिवशी पोर घरी येतं आणि दप्तरातली पाण्याची बाटली भरलेली असते. आईला वाटतं, विसरला असेल प्यायला. बहुतेक वेळा तो विसरलेला नसतो. शाळेतल्या संडासात जायला नको, म्हणून तो पाणी पीत नाही. मुलींच्या बाबतीत हे अधिक. ही गोष्ट मला कोणत्याही तपासणी अहवालाने सांगितली नाही, आयांनी ओपन हाऊसला सांगितली. तेव्हापासून स्वच्छतागृहांचा परिच्छेद मी पत्रात वर घेते, स्मार्ट बोर्डाच्याही आधी. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा सफाई होते की नाही, कड्या लागतात की नाही, हात धुवायला साबण असतो की नाही, आणि यातलं अजून काय जमलेलं नाही. शेवटी एक ओळ असते: ‘मूल घरी आल्यावर बाटली पाहा. रोज भरलेली येत असेल तर वर्गशिक्षिकेला कळवा.’ संस्थेच्या बैठकीत या ओळीवर कपाळाला आठ्या पडल्या. पत्राची शोभा जाते म्हणे. जाऊ दे.

आता निकाल. पत्राचा निम्मा भाग निकालच खातो, आणि तो सगळ्यात कमी माहिती देतो. ‘शंभर टक्के निकाल’ कसा लागतो हे शिक्षकी पेशातल्या कुणालाही ठाऊक आहे. नववीला चाळण घट्ट केली की दहावीचं पीठ आपोआप बारीक पडतं. टॉपरच्या फोटोने बाकीच्या घरांना काय कळतं? ती मुलगी हुशार आहे, एवढंच. मी विचारते ते असं: सहामाहीत गणितात नापास झालेल्या मुलांचं वार्षिक परीक्षेत काय झालं? रेमेडियल वर्ग लावले होते, त्यात बस सुटायच्या भीतीने किती मुलं बसलीच नाहीत? त्याचं उत्तर पत्रात द्यायचं म्हणजे आधी ते उत्तर आपल्याकडे असावं लागतं. वर्षभर कुणीतरी वहीत नोंदी ठेवाव्या लागतात. वर्षअखेरचं पत्र नीट लिहायचं असेल तर ते एप्रिलमध्येच सुरू करावं लागतं, ते असं.

2021 साल या बाबतीत विलक्षण होतं. कोविडमुळे सीबीएसईने त्या वर्षी दहावी-बारावीच्या परीक्षाच रद्द केल्या, गुण अंतर्गत मूल्यमापनावर दिले. कुवेतमधल्या शाळा 2020 च्या फेब्रुवारीअखेर राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीसाठी बंद झाल्या होत्या. मुलं पुन्हा वर्गात आली ती 2021 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या काळातली पत्रं मी जमवून ठेवली आहेत, आपली आणि इतरांची. निकालाची ढाल नव्हती, इमारतीची बढाई मारायला इमारत रिकामी होती. मग लोकांनी कशावर लिहिलं? एका घरात तीन मुलं आणि एकच फोन असेल तर तास कसे वाटून घ्यायचे यावर. हजेरीत नाव आहे पण कॅमेरा वर्षभर बंद आहे अशा मुलांशी फोनवर बोलण्यावर. शाळांनी पालकांना इतकी कामाची पत्रं एरवी क्वचितच लिहिली असतील. परीक्षा परत आल्या आणि फोटोही परत आले.

आखाती देशांतल्या शाळेचं पत्र आणखी एका बाबतीत वेगळं असतं. ते वाचणाऱ्या प्रत्येक घराचा एक डोळा देशाकडे असतो. कुवेतमध्ये भारतीयांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे, पण कायमचं राहायला कुणी आलेलं नाही. मार्चमध्ये माझ्या टेबलावर टीसीचे अर्ज येतात, आणि मराठी घरांतले अर्ज मुख्यतः नववीनंतरचे असतात. कारण साधं आहे. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातून वैद्यकीयला जायचं तर दहावी आणि बारावी राज्यातूनच झालेली असावी लागते. शिवाय 2025 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात, म्हणजे ओळखीच्या कॉलेजात जाऊन सरांना भेटून काम होईल हेही उरलं नाही. दुसऱ्या बाजूला 2021 पासून नीटचं केंद्र कुवेतमध्येच मिळतं, त्यामुळे त्या परीक्षेपुरती विमानाची तिकिटं काढायला नकोत. आणि 2026 पासून सीबीएसईने दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायचं ठरवलं. फेब्रुवारीतली सगळ्यांना सक्तीची. मेमधली, ज्यांना तीन विषयांपर्यंत गुण सुधारायचे आहेत त्यांच्यासाठी. हे सगळं शाळेच्या ‘सुधारणां’मध्ये मोडत नाही, शाळेने यातलं काहीच केलेलं नाही. पण पालकाला पत्रातून हवं असतं ते हेच: मुलाला इथे ठेवू की मिरजेला आजीकडे पाठवू? त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही. ‘गुण सुधारायचे असतील तर मेची तिकिटं आताच काढू नका’, एवढं मात्र लिहू शकते. हेच वाक्य सगळ्यात जास्त फॉरवर्ड होतं.

शिक्षक सोडून जाण्याबद्दल पत्रांमध्ये कुणीच लिहीत नाही. इथल्या बऱ्याच शिक्षिका नवऱ्याच्या व्हिसावर राहतात. त्याची नोकरी गेली की बाईंना वर्ग अर्ध्यावर सोडून परतावं लागतं. एखाद्या तुकडीला एका वर्षात गणिताच्या तीन बाई होतात. मुलाला हे माहीत असतं, आईला माहीत असतं, फक्त पत्राला माहीत नसतं. ‘सातवी ब ला यंदा गणिताच्या शिक्षिका वारंवार बदलल्या. पुढच्या वर्षी त्या मुलांसाठी एप्रिलमध्ये महिनाभर उजळणी घेऊ,’ हे लिहिल्याने शाळेची अब्रू जात नाही. न लिहिल्याने जाते, कारण त्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते केव्हाच चघळून झालेलं असतं.

फीबद्दल थोडक्यात. इथे खाजगी शाळांना फी वाढवायला शिक्षण मंत्रालयाची परवानगी लागते, म्हणून ‘सुधारणा’ हा शब्द दिसला की पालक खाली दिनारांचा आकडा शोधतो. आकडा असेल तर तो पहिल्या पानावर द्यावा. जोडपत्रात नेऊन लपवू नये.

पैसे देणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क असतो, ही गोष्ट या गावालाही नवी नाही. मिरकाबपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मुबारकिया बाजाराजवळ, 1911 मध्ये कुवेतची पहिली आधुनिक शाळा सुरू झाली, व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून. आपल्याकडे पुण्यात फुल्यांच्या मुलींच्या शाळांची 1852 मध्ये जाहीर परीक्षा झाली. लोकांसमोर मुलींना उभं करून प्रश्न विचारले गेले. मला तो प्रकार पत्रापेक्षा प्रामाणिक वाटतो. साक्षीदारच पुढे उभा, मुख्याध्यापकाला बोलायला जागाच नाही.

माझी एक मैत्रीण मिरज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिला पत्र लिहावं लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने तिच्याकडे शाळा व्यवस्थापन समिती आहे, त्यात तीन-चतुर्थांश पालक, आणि शाळेचा विकास आराखडा त्या समितीने करायचा असतो. कागदावर काय होतं ते सोडा. पण सभेत एखादी बाई पदर सावरत उभी राहते आणि म्हणते, “मॅडम, नळाला पाणी कवा येणार?” तेव्हा मैत्रिणीला ‘अद्ययावत सुविधा’ म्हणता येत नाही. ती म्हणते, ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, चला माझ्याबरोबर सोमवारी. परदेशातल्या खाजगी शाळेला तो कायदा लागू नाही. तरी माझं पत्र तिच्या सभेसारखं वाटावं, अशी माझी खटपट असते. निम्म्याहून जास्त वेळा ते तसं होत नाही, कारण मसुदा माझ्याकडून सुपरवायझरांकडे, तिथून संस्थेकडे आणि परत असा फिरतो, आणि प्रत्येक हाताला एखादं ‘सर्वांगीण’ सुचतंच.

मी एक परिच्छेद मात्र कुणाला हलवू देत नाही. शेवटून दुसरा. त्यात गेल्या मार्चच्या पत्रातल्या कबुल्या एकेक करून असतात आणि पुढे झालं किंवा नाही झालं. नाही झालं असेल तर का, ते एका ओळीत. पैसा नव्हता, परवाना अडला, कंत्राटदार पळाला, आम्हाला सुचलंच नाही. कारणं लहानच असतात.

पत्रांचा मोसम पुन्हा आला आहे. तुम्ही कुवेतमध्ये असा, कोल्हापुरात किंवा कल्याणला, मुलाच्या शाळेचं पत्र मोबाइलवर आलं की लगेच अंगठा दाखवून मोकळे होऊ नका. त्यातली एक ओळ निवडा आणि जेवताना मुलाला विचारा, हे खरं का? खरं नसेल तर मुख्याध्यापकांना दोन ओळी लिहून कळवा. आम्हाला राग येईल. तरीही कळवा.