पांढरी पडलेली अंडी



मागील पावसाळा सरल्यावर आम्ही मध्य प्रदेशातील खातेगांवास गेलो होतो. नर्मदातीरीचे नेमावर तेथून जवळच आहे. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीनिमित्त तेथे राहते. घरात पती, पत्नी व वृद्ध सासूबाई अशी तीनच माणसे. लग्नाला नऊ वर्षे लोटली होती, परंतु पाळणा हलला नव्हता.

बैठकीच्या खोलीत काचेची मोठी पेटी होती व तीत नारिंगी रंगाचे दोन गुबगुबीत मासे. त्यांचे तोंड पोपटाच्या चोचीसारखे असून ते पुरते मिटत नाही. यजमानाने मोठ्या हौसेने माहिती सांगितली. हे ‘ब्लड पॅरट’. सिक्लिड कुळातील निराळ्या जातींच्या संकरातून १९८६ च्या सुमारास तैवानात ते निपजले. गोव्याच्या खाड्यांत सापडणारे काळुंदर याच कुळातले, आणि त्याच्याप्रमाणे हेही नर-मादी मिळून अंड्यांची राखण करतात.

त्या दिवशी मादीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली होती. दोघेही आळीपाळीने परांनी त्यांवर पाणी खेळवीत होते. पेटीजवळ बोट नेले तरी अंगावर धावून येत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो अंडी पांढरीफटक पडलेली!

सासूबाई उद्गारल्या, “या घरात मासळीसुद्धा वांझच!”

सूनबाई चहा घेऊन दारातच उभी होती. तिने मान खाली घातली.

“नाही आई,” यजमान म्हणाला, “मादी वांझ नाही. तिला जवळच्या जातीचा सकस नर मिळाला तर याच अंड्यांतून पिल्ले निघतात. संकरामुळे नराचे बीज बहुधा निकामी असते, खेचरासारखे. दोष असतो तो...”

वाक्य तेथेच तुटले. कोणीच काही बोलले नाही.

आम्हीही मान खाली घातली, कारण या अपराधात आमचाही वाटा होता. नऊ वर्षे आम्ही सूनबाईलाच नोव्हेना करावयास सांगत आलो. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे बाळ वाहावयास तिलाच धाडले. इंदूरच्या दवाखान्यांच्या पायऱ्या तिनेच झिजविल्या. मूल न होण्याचे कारण पुष्कळदा पुरुषाकडे असते, कधी दोघांकडेही असते, हे आम्हांस ठाऊक होते. तरी “बाबा, तू तपासून घेतलेस काय?” हा प्रश्न आमच्या मुखातून कधी निघाला नाही.

शुभवर्तमानातील अलीशिबेने लोकांची बोलणी किती वर्षे सोसली! परंतु देवदूत आला तेव्हा त्या घरात मुके राहावे लागले ते जखऱ्याला, हे आम्ही प्रवचनात कधी सांगितले होते?

माशांची उपमा मात्र येथेच संपते. पेटीतला नर बदलता येतो. वेदीसमोर दिलेला शब्द बदलत नाही. मूल हे देणगी आहे, हक्काने मागावयाची वस्तू नव्हे, असे पवित्र सभेने १९८७ च्या ‘दोनुम वीते’ या पत्रकात शिकविले आहे. मूल नसले तरी विवाह अपुरा ठरत नाही. दोघांनी मिळून तपासणी करावी, योग्य ते औषधपाणी घ्यावे, यात मात्र काहीच गैर नाही. जेथे देणगीच मागावयाची, तेथे एकीलाच दोषी ठरविण्याचा अधिकार कोणाला?

निघताना यजमान आम्हांस बसपर्यंत पोहोचविण्यास आला. बस सुटता सुटता हळूच म्हणाला, “फादर, येत्या आठवड्यात मीही इंदूरला जातो.”

तो गेला. तपासणीत काय निघाले ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. ते त्या दोघांचे आहे. नाताळात सूनबाईचे पत्र आले. त्यात तिने लिहिले होते की, मादीने पुन्हा अंडी घातली, पुन्हा ती पांढरी पडली. परंतु सासूबाई या वेळी काही बोलल्या नाहीत. त्यांनी सुनेला नुसते जवळ बसवून घेतले.