किती दिवस आहेस?

राम घाटावर दिवेलागणीला शिप्रेची आरती सुरू होण्याआधी उज्जैनमधली घरंच्या घरं पायऱ्यांवर येऊन बसतात. त्यांत मराठी बोलणारीही असतात. १८१० साली शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, मराठी मात्र इथून गेली नाही. आईवडिलांच्या मधे बसलेल्या पस्तिशीतल्या लेकीला कुणी ओळखीचं हमखास विचारतं, "कधी आलीस? किती दिवस आहेस?"

घटस्फोट होऊन आलेल्या लेकीजवळ या प्रश्नाचं उत्तर नसतं. 'माहेर' हा शब्द कितीही मायेचा असला, तरी तो सासरच्या आधारानं उभा आहे. माहेरी यायचं, चार दिवस विसावायचं, ओटी भरून घेऊन निघायचं. निघायचंच नसेल तेव्हा काय म्हणायचं, हे कुणी ठरवलेलंच नाही.

तिच्या खोलीत आता शिलाई मशीन असतं, गाद्यांची चळत, लोणच्याच्या बरण्या. आई कपाटातला एक कप्पा रिकामा करते, आठवड्यानं न बोलता दुसरा. लग्नानंतर रेशनकार्डातून कमी केलेलं नाव पुन्हा चढवायला वडील कागद गोळा करतात. रात्री नऊला "कुठवर आलीस?" म्हणून फोन येतो. दहा वर्षं संसार चालवलेल्या बाईला तो बोचतो, आणि एखाद्या रात्री आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या रखमाबाईंना तर घटस्फोटाची वाटच नव्हती. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण नांदायला त्या गेल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. नवरा, दादाजी भिकाजी, १८८४ साली कोर्टात गेला. मार्च १८८७ मध्ये निकाल लागला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढच्याच वर्षी त्या लंडनला निघाल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी निवृत्तीपर्यंत बायकांवर इलाज केले. त्यांच्यामागे कायदा नव्हता, एक घर होतं, आणि त्या घरानं "परत कधी जाणार?" म्हणून तगादा लावला नाही. घटस्फोटाची वाट देणारा हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ ला लागू झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई गेल्या.

वडिलांच्या पश्चात त्यांच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं वारस मुलीला दिला, पण ती अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. आपल्याच घरात राहायला दुःखाचा दाखला लागायचा. ही अट घालणारं कलम २३ गळायला ९ सप्टेंबर २००५ उजाडावा लागला.

घाटावर आता घंटा वाजू लागते. विचारणारी बाई अजून उभीच असते. लेक पाण्याकडे बघते. आई द्रोणातली वात सारखी करते आणि सांगते, "इथंच असते ती." मग काडेपेटी लेकीच्या हातात देते, वारा आहे म्हणून.