घराबाहेर न पडणारे नाव

आम्ही राहतो त्या तिरुप्पनंदाळच्या देवाला संस्कृतात अरुणजटेश्वर म्हणतात, तमिळमध्ये शेंजडैयप्पर. तांबड्या जटांचा देव, हाच दोहोंचा अर्थ. आणि हाक कोणत्याही नावाने मारली तरी ती पोचते. यंत्राचे मात्र तसे नाही, हे आम्हांस पुतण्यामुळे उमगले.

घरच्या हिशेबासाठी तो ‘गो’ या भाषेत प्रोग्रॅम लिहीत होता. गूगलने ही भाषा २००९ साली जगापुढे ठेवली. घर, गाव, वर्ष अशी माहिती एका निराळ्या फायलीत लिहून ठेवायची आणि प्रोग्रॅममधल्या रकान्यांनी ती तेथून उचलायची, अशी रीत. रकान्यांना मराठी नावे द्यावीत, हा हट्ट आमचा.

प्रथम ‘नाव’ लिहिले. ते यंत्राने तत्काळ नाकारले. काना हे त्याच्या लेखी अक्षरच नव्हे! मग काना-मात्रा नसलेले ‘घर’ लिहिले. ते चालले, चूक दाखवली गेली नाही. पण रकाना रिकामाच राहिला.

“काका, या भाषेत थोरल्या अक्षराने सुरू होणारे नावच बाहेरच्यास दिसते,” पुतण्या म्हणाला. “बाकीची घरातच राहतात. फाइल वाचणारा बाहेरचा. त्याला आपले ‘घर’ दिसतच नाही.”

आमच्या लिपीत थोरले-धाकटे अक्षर नाही, याचा आम्हांस केवढा अभिमान! ही अडचण भाषेच्या कर्त्यांनीही मान्य केली आहे. त्यांनी सुचवलेला उपाय एकच : नावाआधी रोमन थोरले अक्षर जोडावे. पुतण्याने ‘एक्स’ जोडला आणि घर भरले.

आम्ही मात्र गप्प झालो. तंजावरास बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसलेवंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला, तेव्हा आमची भाषा चारचौघांत उभी होती. पुढे राज्य गेले आणि ती हळूहळू माजघरात आली. आम्हीही शाळेत गेलो ते तमिळ रिवाजाप्रमाणे नावाआधी वडिलांचे आद्याक्षर लावून. त्यावाचून हजेरीपटात आम्हांस जागा नव्हती, आणि त्याची खंतही कधी वाटली नाही.

“काढू का तो एक्स?” पुतण्याने विचारले.

“राहू दे,” आम्ही म्हणालो. बाहेर जावयाचे तर आद्याक्षर हवेच. पण आईने आम्हांला घरात हाक मारली, ती कधी आद्याक्षरासकट मारली नाही.