दीड तासाचं अंतर

गेल्या पावसाळ्यात नागपूरहून फोन आला. आई न्हाणीघरात घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं, संध्याकाळी शस्त्रक्रिया! मी मुंबईत. रेल्वेने ८३७ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खी रात्र. मी विमानाचं तिकीट काढलं.

माझी सहावीतली लेक लगेच वही घेऊन बसली. "बाबा, सरळ रेषेत अंतर सुमारे ६८० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८०० धरला तर ५१ मिनिटंच हवीत! मग तिकिटावर दीड तास का?"

गणित बरोबर होतं. पण विमान काही वहीतल्यासारखं उडत नाही. दारं बंद झाली की ते धावपट्टीपर्यंत हळूहळू जातं, आपली पाळी येईपर्यंत थांबतं. चढताना-उतरताना वेग कमी असतो. शिवाय ठरलेल्या मार्गानेच जावं लागतं. हे सगळं धरून दीड तास.

त्यात घर ते विमानतळ, तपासणी आणि तिकडची रिक्षा मिळवा. मला पाच तास लागले. पण शस्त्रक्रियेआधी पोचलो!

आईने हात धरला. "किती लांबून आलास रे!"

"अगं, लांब कुठलं? दीड तास तर लागतो," मी बोलून गेलो आणि जीभ चावली. दीड तासावरच्या आईकडे मी दोन वर्षांत फिरकलो नव्हतो.

आई आता काठी टेकत चालते. दिवाळीला आम्ही सगळे तिच्याकडे गेलो, रेल्वेने, रात्रभर गप्पा मारत.

तुमचे आजी-आजोबा कुठे राहतात? अंतर काढून पाहा. आणि शेवटचं कधी गेला होतात, तेही आठवून पाहा हं!