गावाचे नाव गावाच्या तोंडून

आपल्या दापोली तालुक्यात हिवाळा सुरू झाला की पाहुण्यांची रीघ लागते. कोणी कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनास येतो, तर कोणी समुद्रस्नानास. ही मंडळी भली व हौशी असतात. परंतु वाट विचारताना त्यांची मोठी त्रेधा उडते. आंजर्ले कोणास ‘अंजरले’ वाटते, केळशीची ‘केल्शी’ होते, दापोलीची ‘डापोली’, दाभोळचे ‘डाभोल’ आणि चिपळूणचे ‘चिपलून’. आपल्या मुलांना हे ऐकून हसू येते. ते हसू कितपत योग्य आहे, याचा थोडा विचार करावा, म्हणून हा लेख.

प्रथम दोष कोठे आहे ते पाहू. पाहुणा बहुधा रोमन लिपीतील पाटी किंवा मोबाइलमधील नकाशा वाचून येतो. त्या लिपीत ल व ळ यांस एकच अक्षर, न व ण यांसही एकच. त व ट, द व ड यांचीही तीच गत. आणि अ ऱ्हस्व की आ दीर्घ, हे सांगण्याची सोय नाही. तेव्हा पाहुण्याची जीभ जड नसते. त्याच्या हाती दिलेली किल्लीच दुसऱ्या कुलपाची असते.

ही अडचण केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. आयर्लंडात जाणाऱ्या प्रवाशाचीही हीच फजिती होते. तेथील एका बंदराचे नाव लिहिताना शेवटी रोमन ‘बी’ व ‘एच’ ही अक्षरे येतात, आणि उच्चार मात्र होतो ‘कोव्ह’. आयरिश भाषेच्या नियमाप्रमाणे ही दोन अक्षरे मिळून ‘व्ह’चा ध्वनी होतो. लेखन चुकीचे नाही. वाचणारा ते इंग्रजीच्या नियमाने वाचतो, इतकेच. 1849 साली राणी व्हिक्टोरियाने भेट दिल्यावर याच बंदरास ‘क्वीन्सटाउन’ म्हणू लागले होते. 1920 साली लोकांनी आपले नाव परत घेतले.

आपल्या किनाऱ्यावरही असाच प्रकार घडला. बाणकोट 1756 साली इंग्रजांकडे आले, तेव्हा तेथील किल्ल्यास त्यांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव दिले. आज ते नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. खाडीत होडी हाकणारा मात्र बाणकोट असेच म्हणतो. कड्यावरच्या टेकडीवरून समुद्रात जो सुवर्णदुर्ग दिसतो, तो 1755 साली कमोडोर विल्यम जेम्स याने घेतला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने 1784 साली लंडनजवळच्या शूटर्स हिल येथे त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा उभारला. तो मनोरा अद्याप उभा असून त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’ असे आहे. हर्णैचा कोणी खलाशी तेथे गेला, तर या नावात आपला सुवर्णदुर्ग दडला आहे हे त्यास सांगितल्यावाचून कळावयाचे नाही.

मग देवनागरी पाटी वाचली की काम भागले काय? पुष्कळसे भागते, पण सर्व नाही. आपल्या लिपीतही च आणि ज या अक्षरांचे दोन दोन उच्चार आहेत. चाळीसगाव आणि चिपळूण या दोन नावांतील च एक नव्हे, आणि जळगाव व जेजुरी यांतील ज एक नव्हे. आंजर्ल्यातील ज कसा म्हणावा, हे पाटीवर नव्हे, तर आंजर्लेकराच्याच तोंडून ऐकावे. शिवाय नाव वाक्यात आले की रूप पालटते. आंजर्ले गावी जावयाचे, पण ‘आंजर्ल्यास’ जावयाचे; पुणे शहर, पण ‘पुण्याचा’ रस्ता. जुन्या लेखनात ‘आंजर्लें’, ‘पुणें’ असा शेवटी अनुस्वार देत; 1962 च्या लेखननियमांनंतर तो गेला. आणि कधी उच्चार बिनचूक असूनही माणूस भलतीकडे पोचतो. मुरूड एक आपले, महर्षी कर्व्यांचे, आणि दुसरे रायगड जिल्ह्यातील जंजिऱ्याचे. तेथे उच्चाराबरोबर शेजारच्या गावाचे नावही सांगावे लागते.

येथवर पाहुण्याविषयी झाले. आता यजमानाविषयी. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बंदरावरील एका मुलाने आपल्या वाडीचे नाव घरच्या बोलीत उच्चारले, आणि मागील बाकांवर हशा पिकला. हसणारी मुले परकी नव्हती. याच तालुक्यातील होती. पुढे कित्येक दिवस तो मुलगा वाडीचे नावच घेईनासा झाला. कोठे राहतोस असे विचारले, की ‘तिकडे, खाडीपलीकडे’ एवढेच म्हणे. ज्या मुलाला आपल्या गावाचे नाव घेण्याची लाज वाटू लागली, त्याचे गाव आपण हिरावून घेतले असे मला वाटले. दुसऱ्या आठवड्यात मी त्यास फळ्यापाशी बोलावून किनाऱ्यावरील वाड्या, खडक व बंदरे यांची नावे सांगावयास लावली. तो सांगत गेला व वर्ग लिहीत गेला. त्यांतील निम्मी नावे मलाही नवी होती. त्या तासाला कोणी हसले नाही.

शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देन नदीच्या उताराची कथा आहे. पळून येणाऱ्या प्रत्येकास पहारेकरी ‘शिब्बोलेथ’ म्हणावयास सांगत. ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ येई, तो एफ्राइमी ठरे व तेथेच मारला जाई. एका श आणि स च्या अंतरावर माणसाचा प्राण अवलंबून राहिला. आपल्या हातात तलवार नाही हे खरे; पण शब्दाच्या उताराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याची परीक्षा घेणारा पहारेकरी आपल्या प्रत्येकाच्या मनात थोडाबहुत असतो.

म्हणून पालकांस व मुलांस माझे सांगणे एवढेच. आपण परमुलखात गेलात, तर तेथील माणसास गावाचे नाव विचारा, दोनदा म्हणून पाहा, आणि त्याने दुरुस्त केले तर राग मानू नका. आपल्या दारी कोणी ‘अंजरले’ विचारीत आला, तर आधी त्यास वाट दाखवा, तहान लागली असल्यास पाणी द्या, आणि मग हळूच सांगा, ‘आम्ही आंजर्ले म्हणतो.’ अशा रीतीने शिकलेला उच्चार तो घरी घेऊन जाईल, आणि आपल्या मुलांनाही तसाच शिकवील.