भाजी न आवडणाऱ्याचे ताट

काही माणसांना भाजी मनापासून आवडते. मी त्यांतला नव्हे. दोडका, दुधी आणि कारले या त्रिकुटाशी माझे लहानपणी जे बिनसले, ते आज केस पांढरे झाले तरी जुळलेले नाही. यात लाजण्यासारखे काही आहे, असे मला वाटत नाही. वनस्पतींतील कित्येक विषे कडू असतात. म्हणून निसर्गाने जिभेला शरीराच्या दारावर पहारेकरीण नेमले आहे. लहानपणी तर ती अधिकच दक्ष असते.

परंतु पहारा करणाऱ्याला घरचा कारभार कळतोच असे नाही. मी बारा वर्षांचा असताना शाळेची टेकडी चढताना मला धाप लागू लागली. डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि ते म्हणाले, "रक्त कमी आहे. औषध देतो, पण आहारही सुधारला पाहिजे." आमचे घर शाकाहारी. धान्य-कडधान्यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याला 'क' जीवनसत्त्वाचे साहाय्य लागते आणि ते मिळते ताज्या भाज्यांतून व फळांतून. ज्यांच्याशी माझे वैर, त्यांच्याच दारी मला जावे लागणार होते!

आजीने मला उपदेश केला नाही. ती एवढेच म्हणाली, "भाजी आवडत नाही ना? नको आवडू दे. पण तिच्यातलं नेमकं काय आवडत नाही, ते सांग बघू."

मी विचार करू लागलो. मेथीचा कडवटपणा मला नको होता, भेंडीचा बुळबुळीतपणा नको होता, दुधीचा मिळमिळीतपणा नको होता. माझे भांडण भाजीशी नव्हते, तिच्या एखाद्या रूपाशी होते!

मग आजीने रूपे बदलली. मेथी थालीपिठात गेली, भेंडी कुरकुरीत परतली गेली, तांबडा भोपळा घारग्यांत गोड झाला. मटकीला मोड आले. मोड आल्याने कडधान्यातील 'क' जीवनसत्त्व वाढते. तिच्यावर लिंबू पिळले जाई. बाजरीची भाकरी लोह देई, नाचणी कॅल्शियम देई. भाताच्या प्रथिनांत जे उणे, ते वरण भरून काढी. धान्यभाज्यांतून न मिळणारे 'ब-१२' जीवनसत्त्व दूध-ताकातून येई. ताटाची डावी बाजू, म्हणजे लिंबू, चटणी नि कोशिंबीर, केवळ शोभेसाठी नसते, हे मला तेव्हा उमगले. काही महिन्यांनी टेकडी पूर्वीइतकीच उंच होती. मी मात्र न थांबता वर पोहोचत होतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. भाज्या आणि फळे मिळून दिवसाला सुमारे ५०० ग्रॅम खावीत, असे त्यांत सांगितले आहे. हा आकडा वाचून एखाद्याच्या पोटात गोळा येईल. पण त्यातील प्रत्येक ग्रॅम आवडलाच पाहिजे, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही!

आवड ही हुकमाने येत नाही. पुनःपुन्हा थोडी थोडी चव घेतली, की कित्येकदा ती आपल्या पावलांनी येते; कधी येतही नाही. तेव्हा एक भाजी नको असेल, तर खुशाल दुसरी निवडावी. एक रूप नको असेल, तर दुसरे शोधावे. जिभेचे म्हणणे अवश्य ऐकावे. मात्र ताट वाढताना साऱ्या शरीराचा विचार घ्यावा.