खाजेची पारख

नागपूरच्या मे महिन्यात आम्हा चुलत-आते भावंडांपैकी कुणाचं ना कुणाचं अंग खाजतच असायचं. पण प्रत्येक खाज वेगळी, हे आजीला आणि काकवांना पक्कं ठाऊक. पाठभर बारीक लाल पुरळ म्हणजे घामोळ्या. त्यांना उगाळलेलं चंदन आणि कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ. दंडा-पोटावर फुगीर चट्टे म्हणजे अंगावर उठलेलं पित्त. मग आमसुलं भिजायची आणि कोळलेलं आंबट पाणी अंगभर चोळलं जायचं. ओठाच्या कडेला फोड दिसले की विचारणा व्हायची, "काय रे बाप्पा, आंबा तसाच चोखला काय?"

रायवळ आंबे घरात आले की आधी बादलीत बुडायचे. मग देठ काढून चिकाचे पहिले थेंब पिळून टाकायचे, तेव्हा कुठे आंबा हातात पडायचा. आंबा आणि बिबा एकाच कुळातले. आंब्याच्या चिकातली आणि बिब्याच्या तेलातली दाहक द्रव्यं रसायनाने जवळची. धोब्यांनी बिब्याची खूण घातलेल्या कपड्यांनी दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावरही पुरळ उठलं होतं.

आमच्याकडे बिबा उतला की तीळ आणि खोबरं वाटून लेप घालत. हिवाळ्यात लाडवांसाठी गोडंबी घेऊन येणाऱ्या बाईची बोटं बिबे फोडून काळवंडलेली, जागोजागी सोललेली असत. मोठी काकू पैशांबरोबर तिच्यापुढे खोबरेल तेलाची वाटीही ठेवायची.

रात्री गच्चीवर खाज अनावर झाली की आजी कोमट खोबरेल तेलात कापूर चुरून विरघळवायची आणि खरखरीत अंगठ्याने हलकेच लावायची. क्षणात गार वाटायचं. पुदिन्यातलं मेन्थॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जागं करतं, हे २००२ मध्ये उलगडलं. ते उलगडणाऱ्या संशोधकांना, डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना, २०२१ चं नोबेल मिळालं. कापूरही तापमान ओळखणाऱ्या अशाच ग्राहकांवर काम करतो. खाजेचं मूळ त्याने जात नाही, पण जोर ओसरतो.

या बायकांना आपल्या औषधाची हद्दही कळत होती. तान्ह्या बाळाला त्या कापूर लावू देत नसत. ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, तर वाटी बाजूला सारून पोराला तडक दवाखान्यात नेत.

आता आमच्या घरांत सेटिरिझिन आणि कॅलामाइन असतं, आणि ते असावंच. शिवाय नागपूरच्या रिकाम्या प्लॉटांवर आज गाजरगवत माजलं आहे. पुण्यात ते १९५० च्या दशकात नजरेस आलं. आजीच्या तरुणपणी ते इथे नव्हतंच. त्याच्या ॲलर्जीवर तिच्या फडताळात उतारा नाही. पण पोराला उजेडात उभं करून चट्टा नीट पाहायचा, काय खाल्लं, कशाला हात लावला, कुठे खेळला ते विचारायचं, ही तिची रीत गाजरगवतालाही बरोबर पकडते. घरात जपायची ती हीच.